शिकवायला आले आणि भाषा शिकले

तुळजापूर म्हटले की महाराष्ट्राला भवानीचे मंदिर आठवते. त्याच गावात टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. १९८६ मध्ये या संस्थेने इथे ग्रामविकासाचे काम हाती घेतले आणि पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू केले. तेव्हापासून देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून शिक्षक आणि विद्यार्थी या दुष्काळी टापूत येऊन राहू लागले. वर्गात इंग्रजी चालते. पण अभ्यासाचा मोठा भाग गावात असतो. पाणी कुठून येते, बचत गटाचा हप्ता कसा फिरतो, ऊसतोडीला कोण जाते, मागे म्हाताऱ्यांकडे कोण पाहते, हे सारे मराठीत विचारावे लागते आणि मराठीत ऐकावे लागते.

परप्रांतातून आलेल्या माणसाची खरी अडचण इथे सुरू होते. तो चार वाक्ये पाठ करून येतो आणि ओट्यावर बसलेल्या मावशींना धीर करून मराठीत प्रश्न विचारतो. उत्तर येते ते हिंदीत. तो पुन्हा मराठीत विचारतो, मावशी पुन्हा हिंदीत सांगतात. त्यांच्या मनात त्याला टाळायचे नसते. पाहुण्याला त्रास होऊ नये, एवढीच भावना असते. पण असे दहा घरी झाले की शिकणाऱ्याचा हुरूप मावळतो आणि वर्षभर गावात राहूनही त्याची मराठी बसथांबा आणि चहाच्या टपरीपलीकडे जात नाही.

मराठी माणूस परक्याशी चटकन हिंदीत बोलू लागतो, ही तक्रार मुंबई-पुण्यात नेहमी ऐकू येते. तुळजापूर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथे या सवयीला आणखी एक इतिहास आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाजारात, कोर्टकचेरीत आणि शेजारच्या मोहल्ल्यात दखनी व उर्दू पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आली. इथल्या साध्या शेतकऱ्यालाही हिंदीत बोलणे अवघड वाटत नाही, कारण ती भाषा त्याला आज्या-पणज्यांपासून ओळखीची आहे. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. हैदराबादी दखनीतला ‘नक्को’ आणि जोर देण्यासाठी शब्दाला जोडला जाणारा ‘च’ हे दोन्ही मराठीचे देणे आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते सहसा बोलून दाखवले जात नाही. आपली मराठी पाहुण्याने शिकावी इतकी चांगली नाही, असे इथल्या अनेकांना मनापासून वाटते. ‘शुद्ध मराठी शिकायची तर पुण्याला जा, आमचं काय, गावठी बोलणं,’ हे वाक्य उमरगा-लोहाऱ्यापासून भूम-परंड्यापर्यंत कुठेही ऐकू येते. बाहेरून आलेल्या शिक्षकाला भाषा शिकताना शब्द आणि व्याकरण यांच्या जोडीने लोकांच्या मनातल्या या समजुतींशीही सामना करावा लागतो.

हा अनुभव जगात इतरत्रही येतो. दक्षिण कोरियाने १९९५ पासून सरकारी कार्यक्रमाखाली परदेशी इंग्रजी शिक्षक शाळांत नेमायला सुरुवात केली. त्यांना तिथे बोलावले जाते ते इंग्रजी बोलण्यासाठी, त्यामुळे कोरियन शिकण्याची सक्ती नसते. ज्यांना ती शिकायची असते, त्यांची गत तुळजापूरच्या पाहुण्यासारखीच होते. एखादे वाक्य बोलले की कौतुक होते, आणि पुढचे संभाषण इंग्रजीकडे वळते. कोरियनमध्ये समोरच्याचे वय, नाते आणि मान पाहून क्रियापदाचा शेवट बदलतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत वाढलेल्या मराठी माणसाला ही अडचण लगेच समजेल.

पण त्याच कोरियात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी शिक्षकाने वेगळी वाट धरली होती. होमर हल्बर्ट हे अमेरिकन गृहस्थ १८८६ मध्ये सोलच्या शाही शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी गेले. कोरियाची स्वतःची हंगुल लिपी पंधराव्या शतकात राजा सेजोंग याच्या काळात तयार झाली होती, तरी विद्वान मंडळी चिनी अक्षरांतच लिहीत आणि हंगुलला बायकांची व अडाण्यांची लिपी समजून खाली लेखत. हल्बर्ट कोरियन शिकले आणि १८९० च्या सुमारास त्यांनी जगाच्या भूगोलाचे पाठ्यपुस्तक निव्वळ हंगुलमध्ये लिहिले. इतकी सोपी आणि सोयीची लिपी हाताशी असताना तिची हेटाळणी का करता, असे त्यांनी त्या पुस्तकातून कोरियन वाचकांनाच विचारले. १९४९ मध्ये सोलमध्येच त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांचे दफन झाले. परका शिक्षक कधीकधी स्थानिकांनी कमी लेखलेल्या भाषारूपाची बाजू घेऊन उभा राहतो, त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रात याला जुळणारे उदाहरण मॅक्सीन बर्नसन यांचे. या अमेरिकन शिक्षिका १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतात आल्या, त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात शिकवण्यासाठी. विवेकवर्धिनी ही निजामी राजवटीत मराठी भाषकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केलेली शिक्षणसंस्था. केशवराव कोरटकर, वामन नाईक अशी माणसे तिच्यामागे होती. म्हणजे धाराशिवचे लोक ज्या संस्थानात आपल्या भाषेसाठी झगडत होते, त्याच संस्थानातल्या मराठी चळवळीने उभारलेल्या संस्थेत बर्नसन यांचा भारताशी पहिला परिचय झाला.

पुढे भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी त्यांनी सातारा जिल्ह्यातले फलटण निवडले आणि १९६६ पासून त्या तिथे राहिल्या. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला त्यांनी सादर केलेला प्रबंध फलटणच्या बोलण्यावर होता. एकाच गावात जात, शिक्षण आणि परिस्थिती यांनुसार मराठी कशी बदलते, हा त्याचा विषय. कुणी ‘पाणी’ म्हणतो, कुणी ‘पानी’. कुणी ‘होतं’, कुणी ‘व्हतं’. अशा फरकांकडे चुका म्हणून पाहण्याऐवजी त्यांनी समाजाची रचना वाचण्याचे साधन म्हणून पाहिले. जई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली आणि १९७५ मध्ये मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिले. अमेरिकन महाविद्यालयांतून पुण्याला येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या वर्षानुवर्षे मराठी शिकवत राहिल्या.

१९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणमधल्या दलित वस्तीतल्या, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. शाळेला ज्यांचे नाव आहे त्या कमला निंबकरही मूळच्या अमेरिकन. त्या १९३० मध्ये भारतात आल्या आणि पुढे १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करून दिले. इंग्रजी माध्यमाची ओढ गावोगाव पोहोचत असताना एका अमेरिकन बाईने मराठी माध्यमाची शाळा काढावी, ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटली. बर्नसन यांची भूमिका स्वच्छ होती. मूल घरची बोली घेऊन शाळेत येते, तिचा मान ठेवला तरच ते प्रमाण भाषेपर्यंत पोहोचते. म्हणून मुलांनी स्वतःच्या अनुभवांविषयी स्वतःच्या शब्दांत लिहावे, यावर या शाळेने भर दिला.

पुण्याची मराठी शुद्ध आणि बाकीची अशुद्ध ही समजूत आली कुठून, याचाही थोडा मागोवा घ्यायला हवा. कारण त्या घडणीतही परदेशी शिक्षकांचा हात आहे. विल्यम कॅरी हे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचे व्याकरण रचले आणि ते १८०५ मध्ये छापले. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. कोशाच्या कामात जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या भावांचा वाटा होता. थॉमस कँडी पुढे पुण्यात शिक्षणखात्यात मोठ्या अधिकारावर होते आणि सरकारी शालेय पुस्तकांची मराठी त्यांच्या नजरेखालून जात असे. या सर्वांनी अपार कष्ट केले, मोल्सवर्थचा कोश तर आजही अभ्यासकांना लागतो. पण त्यांना भाषा सांगणारे शास्त्री-पंडित समाजाच्या एका थरातले होते आणि छपाईचे केंद्र पुणे-मुंबई होते. तिथल्या शिकलेल्या घरांतली बोली पाठ्यपुस्तकात गेली, पाठ्यपुस्तकातून परीक्षेत आणि परीक्षेतून नोकरीत. धाराशिव तेव्हा निजामाच्या मुलखात होते. प्रमाण मराठी घडताना इथल्या बोलण्याला तिथे जागाच नव्हती.

इथे वेगळीच भाषा अधिकाराच्या जागी बसलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हैदराबाद संस्थानाचा कारभार फारसीतून उर्दूत आला. मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाच्या नावावरून धाराशिवचे नाव उस्मानाबाद झाले होते. त्याच निजामाच्या फर्मानाने १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तिथे विज्ञानापासून वैद्यकापर्यंत सारे उर्दूतून शिकवले जाऊ लागले. इंग्रजी अमदानीत एका भारतीय भाषेतून आधुनिक विद्या शिकवण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. परंतु संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठी मुलाला शिकत वर जायचे तर उर्दूची पायरी चढावी लागे आणि तिथे अडखळणारी मुले मागे राहत.

याला उत्तर म्हणून खासगी मराठी शाळा निघाल्या. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. असहकाराच्या चळवळीचा तो काळ होता. या आडवळणाच्या खेड्यात १९२९ मध्ये एक तरुण शिक्षक आला, व्यंकटेश खेडगीकर. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, शिक्षण सोलापूरकडचे. मुले घडवत, गावात मिसळत त्याने इथे काही वर्षे काढली आणि १९३२ मध्ये संन्यास घेतला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ ते हेच. कन्नड मुलखात जन्मलेला हा माणूस मराठवाड्याच्या शिक्षणाचा आधारस्तंभ झाला. तो परका आहे की आपला, हा प्रश्न हिप्परग्याच्या लोकांनी घातला असेल असे वाटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. उर्दूच्या जागी मराठी आली. पण कचेरीत आणि पुस्तकात आलेली मराठी पुन्हा दुसऱ्याच गावची होती.

आज धाराशिवला येऊन मराठी शिकणाऱ्या पाहुण्याला ही दरी पहिल्याच दिवशी जाणवते. त्याच्या पुस्तकात ‘तू काय करतो आहेस?’ असते. गल्लीत मात्र ‘काय करायलास?’ ऐकू येते, उदगीरच्या बाजूला सरकले तर ‘काय करूलालास?’. पुस्तकातली मुले इथे ‘लेकरं’ असतात, आई ‘माय’ असते. यात नियम नाही असे मुळीच नाही. ‘करायलाव, करायलास, करायलाय’ अशी रूपे पुरुष आणि वचन पाहून काटेकोरपणे बदलतात. कोणी ती एका कागदावर मांडून दिली, तर भाषा शिकण्याची सवय असलेला माणूस ती अल्पावधीत आत्मसात करतो. अडचण एवढीच की बोलणाऱ्याला स्वतःच्या बोलण्यात व्याकरण आहे याची जाणीव नसते, आणि पाहुण्याने विचारले तर तो ओशाळून पुस्तकी वाक्य सांगतो.

खुद्द मराठीच्या काही खुब्या प्रत्येक नवख्याला सारख्याच छळतात. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च वेगळा, पण लिपीत खूण नाही. ‘आम्ही जेवलो’ म्हटले तर ऐकणारा त्यात नाही, ‘आपण जेवलो’ म्हटले तर आहे. तेलुगू भाषक शिक्षकाला हा भेद घरचाच वाटतो, कारण त्याच्या भाषेत तो आहे. हिंदी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो. मानाच्या सर्वनामांचा घोळ तर वेगळाच. सर्वांना ‘तुम्ही’ म्हणायचे असे शिकून आलेला पाहुणा खेड्यात पाहतो, की नातू आजीला बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो आणि बायको नवऱ्याला ‘अहो’. यातला जिव्हाळा आणि अंतर पुस्तकातून उमजत नाही, त्यासाठी माणसांत बसावे लागते.

असे माणसांत बसणाऱ्यांत हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर यांचे नाव ठळक आहे. भारतीय धर्म आणि लोकसंस्कृती शिकवणारा हा जर्मन विद्वान महाराष्ट्रातल्या धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐकल्या. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरचे त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाले. मेंढपाळांच्या मौखिक भाषेला त्यांनी पोथीइतकाच प्रमाण आधार मानले. त्यांच्यानंतर रोलँड यान्सेन या जर्मन अभ्यासकाचा तुळजाभवानीच्या उपासनेवरचा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. धाराशिवचा टापू अशा अभ्यासाला फार अनुकूल आहे. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत वस्ती असलेल्या खंडोबाला कन्नड भाविक मैलार म्हणतात, आणि यात्रेत मराठीइतक्याच मोकळेपणाने कन्नड ऐकू येते.

आता या विषयाची दुसरी बाजू. परका शिक्षक म्हणजे नेहमी गोरा किंवा परप्रांतीय माणूस, असे नाही. तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यातले सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ते गोरमाटी बोलत असते. आईला ‘याडी’ म्हणते. ‘तारो नाम काई छ?’ हा प्रश्न त्याला कळतो, ‘तुझं नाव काय?’ हा कळेलच असे नाही. या मुलाच्या दृष्टीने जिल्हा परिषदेच्या शाळेतले मराठी गुरुजी हेच परक्या भाषेचे शिक्षक. मूल गप्प बसले की त्याला ‘ढ’ ठरवले जाते. वास्तविक ते एक अख्खी भाषा बोलत आलेले असते. गोरमाटी ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. रोनाल्ड ट्रेल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने लिहिलेले तिचे व्याकरण १९७० मध्येच छापले गेले.

पारधी मुलांची कहाणी याहून कठीण. त्यांची भाषा गुजराती आणि भिली बोलींच्या नात्यातली. गुन्हेगार जमात हा इंग्रजी कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द होऊनही लोकांच्या मनातून गेला नाही, आणि त्यांची भाषा ही संशयाची खूण झाली. लोक समोर असताना पारधी आपली बोली बोलायचे टाळतात, कारण ती ऐकून माणसे सावध होतात. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९० च्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. तिच्याशी जोडलेले कार्यकर्ते गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा शाळेत अनेक जमातींची मुले आपापल्या बोली घेऊन एकत्र येतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी त्या बोली कानांत मुरवून घेणे शिक्षकाला भागच असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. कागदावर हे उतरले, पण तांड्यावरच्या शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षिकेच्या हाती गोरमाटीची साधी पुस्तिकाही सहसा पडत नाही. शे-दोनशे रोजची वाक्ये, घरातल्या वस्तूंची नावे, क्रियापदाची चार रूपे आणि तांड्यातल्या एखाद्या बाईच्या आवाजातले ध्वनिमुद्रण एवढे दिले, तरी पहिल्या महिन्यातले मुलांचे मौन फुटू शकते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला हे काम जड नाही. बंजारा समाजातले शिकलेले तरुण-तरुणी आता जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्यांना मानधन देऊन हे घडवून आणता येईल.

तसेच तुळजापूरला येणाऱ्या परप्रांतीय शिक्षकांसाठी आणि जिल्ह्यातल्या बँका, रुग्णालये, कारखान्यांत बदलून येणाऱ्यांसाठी धाराशिवच्या बोलीचा छोटा अभ्यासक्रम करता येईल. त्यात प्रमाण मराठी असावीच, कारण अर्ज आणि वर्तमानपत्र तिच्यात असते. पण ‘करायलास’ आणि ‘जायलाव’ यांनाही पहिल्याच धड्यात जागा हवी, आणि तो धडा इथल्याच शेतकऱ्यांच्या आणि अंगणवाडीताईंच्या आवाजात असायला हवा. गावकऱ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे, की पाहुणा मराठीत अडखळू लागला तर त्याला थोडा वेळ अडखळू द्यावे, आणि उत्तर आपल्या नेहमीच्या बोलीतच, जरा सावकाश द्यावे.